दुरुस्ती बसत नाही

"नळी काढा," तो म्हणाला.

नांदेडला, विमा कंपनीच्या ऑफिसात. पहिला मजला. लिफ्ट बंद. दादाला खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून आम्ही वर आणलं होतं, मी आणि जीपवाल्यानं. दादा म्हणजे माझा बाप. आमच्या घरात बापाला दादाच म्हणतात. नाकात ऑक्सिजनची नळी, नळीचं दुसरं टोक बाटल्याला, आणि तो लोखंडी बाटला दादाच्याच मांडीवर, दोन्ही हातांनी कवटाळलेला. लातूरहून असे निघालो होतो. अहमदपूर, लोहा, सगळे खड्डे खात. का, तर साहेबाला पेशंट प्रत्यक्ष बघायचा होता.

"कशाला काढायची?" मी विचारलं.

"गरज खरंच आहे का ते बघावं लागतं. घरबसल्या मशीन लावून घेणारे खूप असतात, ताई."

तोंडात बडीशेप होती त्याच्या. बोलता बोलता चघळत होता.

मी पुढं काही बोलायच्या आत दादानं स्वतःच नळी काढली. साहेब काही म्हणाला की दादाचे हात आपोआप हलतात. जन्मभर हलत आले. नळी काढून त्यानं मांडीवर ठेवली आणि हात जोडून बसला.

साहेबानं ड्रॉवरमधून बोटाला लावायचं यंत्र काढलं. दादाच्या बोटाला चिमटा लावला आणि बघत बसला. क्रिकेटचा स्कोअर बघावा तसा. शेजारच्या टेबलावरची बाईसुद्धा मान लांब करून बघायला लागली. आकडा उतरत होता. एसीच्या त्या थंडगार खोलीत माझ्या बापाच्या कपाळावर घाम फुटला.

"अजून आहे की बरंच," साहेब म्हणाला. "काका, बोला काहीतरी. नाव सांगा पूर्ण."

दादानं नाव सांगितलं. अर्धं. बाकीचं गळ्यातच राहिलं. ओठ जांभळे पडले. गळ्याखालचा खड्डा दर श्वासाला आत ओढला जायला लागला.

मी नळी उचलून त्याच्या नाकात घातली. कोणाला विचारलं नाही.

साहेबानं चिमटा काढून घेतला, रुमालानं पुसला, ड्रॉवरमध्ये ठेवला. मग हात पुसले. "ठीक आहे, गरज आहे असं लिहितो," म्हणाला. आणि खुर्ची मागं रेटत, "पण तसं बघितलं तर ताई, दुरुस्ती पॉलिसीत बसतच नाही."

"मग नळी कशाला काढायला लावली?"

"प्रोसिजर असते."

शिवी दिली असती तर मी उलटून शिवी दिली असती. या लोकांकडं शिव्या नसतात. यांच्याकडं प्रोसिजर असते. माणसाचा जीव कुठपर्यंत जातो ते बघायचं, आणि बघून झालं की सांगायचं, बघायची गरजच नव्हती.

खुर्ची परत उचलली. जिन्यात दादा म्हणाला, "साहेब बरा हुता. आवाज न्हाई चढवला त्यानं."

मला त्या क्षणी दादाचाही राग आला.

लातूरची डाळ देशभर जाते. लोक वरण करतात, तूप घालतात, वास घेतात. ती डाळ कुठल्या खोलीत भरडली जाते, कुठल्या खोलीत चकचकीत होते, तिथं काय उडत असतं, ते कोणी विचारत नाही. माझा बाप त्या खोलीत जगला. दाल मिलमध्ये. मी जन्मले त्याच्या आधीपासून. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया पिवळ्या, कानाची पाळी पिवळी, खाकरला की पिवळं. माय जुन्या लुगड्याचा तुकडा द्यायची तोंडाला बांधायला. मालकानं कधी काही दिलं नाही. मालक मिलमध्ये यायचा तेव्हा मात्र स्वतःच्या नाकाला अत्तराचा रुमाल लावून यायचा. म्हणजे धुळीचं त्याला कळत होतं. चांगलं कळत होतं.

त्या मालकाला आता सगळे भाऊसाहेब म्हणतात. डाळीवर मोठा झाला, मग शिक्षणसंस्था काढली, मग अध्यक्ष झाला. त्याला सगळे अहोजाहो करतात. मी इथं करणार नाही.

मी त्याच संस्थेच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहाय्यक. रसायनशास्त्राची. नेमणूक माझ्या मार्कांवर झाली आणि राखीव जागेवर झाली, जागा रिकामी ठेवता येत नव्हती म्हणून झाली. पण भाऊसाहेब कोणी पाहुणा आला की माझ्याकडं बोट करून सांगतो, "आपल्या हमालाची पोरगी. लावून घेतली." पाहुणा माझ्याकडं बघून मान डोलवतो. मी हातातली परीक्षानळी धूत राहते.

संस्थेनं सगळ्या कर्मचाऱ्यांचा एकत्र विमा काढलेला आहे. हप्ता पगारातून कापला जातो, दर महिन्याला, न चुकता. आईवडील त्यात येतात. दादाची फुप्फुसं बसली तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता घरी ऑक्सिजन लागणार, कायमचा. विम्यातून मशीन मिळाली. स्टुलाएवढी, खाली चाकं. हवा आत घ्यायची, आणि त्यातला ऑक्सिजन वेगळा करून नळीतून द्यायची. दिवसभर घरघरायची. मायला तिचं कोण कौतुक. रोज पुसायची, हवेची वाट मोकळी ठेवायची, मागची जाळी काढून धुऊन उन्हात वाळवायची. दादा नळी लावून दारापर्यंत जायचा, ओट्यावर बसायचा, येणाऱ्या जाणाऱ्याशी बोलायचा. चांगलं चाललं होतं.

मग मशीन बिघडली. बंद पडली असती तर बरं. बंद पडली नाही. घरघरत राहिली, नळीतून वाराही यायचा, पण तो नुसता वारा. लाल दिवा लागलेला. दादा नळी लावून बसलेला आणि दम लागून मरायला टेकलेला. दुरुस्ती करणाऱ्यानं उघडून बघितली. आतले डबे गेलेत म्हणाला, ऑक्सिजन वेगळा होतो ते. ते बदलले की मशीन आहे तशी होईल.

मी कंपनीला फोन केला. बाई गोड बोलत होती. आजार कव्हर आहे मॅडम. हॉस्पिटल कव्हर आहे. मशीनसुद्धा कव्हर आहे. दुरुस्ती नाही.

"मग नवी मशीन द्या."

"नवी आत्ता मिळणार नाही मॅडम, तुमच्याकडे ऑलरेडी एक आहे."

"ती ऑक्सिजन देत नाही."

"पण मशीन आहे ना, मॅडम."

"मग बसतं तरी काय तुमच्यात?"

"पेशंटला ॲडमिट करा. आयसीयू बसतं."

मी फोन ठेवला. बापाला मरणाच्या दारात नेऊन ठेवा, मग आम्ही धावत येऊ. तोवर घरघरणाऱ्या डब्याकडं बघत बसा. हे कोणीतरी एसीत बसून, चहा पीत पीत, विचार करून लिहिलेलं आहे. त्या माणसाचीही आई कुठंतरी म्हातारी झाली असेल.

त्या फोनवरच्या भांडणातून नांदेडचं बोलावणं आलं. तिथं काय झालं ते वर सांगितलंच.

परत आल्यावर मी लेखी तक्रार केली. एकच मुद्दा. मशीन कव्हर आहे म्हणता, तर चालती मशीन कव्हर आहे की बिघडलेली? याचं उत्तर द्या. उत्तर आलं नाही. माणूस आला.

तपासणीस. तरणा पोरगा, बूट चकचकीत. आमच्या वस्तीत शिरतानाच त्यानं रुमाल नाकाला लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. बुटासकट आत आला. मायनं पाणी दिलं. स्टीलचा पेला, घासून आरशासारखा.

"नको," तो म्हणाला. "उपवास आहे."

पाण्याचा उपवास. माय पेला घेऊन आत गेली. असे उपवास तिनं जन्मभर बघितलेत.

"लाईट मीटरची आहे, का आकडा टाकलाय?"

मी मीटर दाखवलं. बिल दाखवलं. त्यानं दोन्हीकडं बघितलं नाही. त्याची नजर भिंतीवर गेली. बुद्धाचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो, खाली मेणबत्ती.

"हे रोज लावता? अगरबत्ती वगैरे? धूर होतो त्यानं. सेन्सिटिव्ह असते मशीन."

मशीन त्या भिंतीपासून लांब, खिडकीपाशी होती. त्यानं ती उघडली नाही. हातसुद्धा लावला नाही. दादाचे फोटो मात्र भरपूर काढले. "काका, इकडं बघा. असं नाही. जरा आजारी दिसा."

जरा आजारी दिसा. नाकात नळी, छाती भात्यासारखी, पायांवर सूज. आणखी किती आजारी दिसायचं होतं माझ्या बापानं? पण दादानं मान थोडी तिरकी केली. त्या पोराला बरं वाटावं म्हणून.

अहवाल आला. अस्वच्छ वस्ती, धुळीचं वातावरण, हाताळणीत हलगर्जीपणा. दुरुस्ती नामंजूर.

म्हणजे आधी दुरुस्ती बसतच नव्हती. आता बसली असती, पण आम्ही घाणेरडे निघालो. धुळीनं ज्याची फुप्फुसं खाल्ली, त्याच्या घरात धूळ आहे म्हणून त्याला श्वास नामंजूर. मी तो अहवाल मायला वाचून दाखवला नाही. तिनं त्या जाळीला पोटच्या लेकरासारखं न्हाऊ घातलं होतं.

इकडं बाटल्यांवर चाललं होतं. बाटला पुरवून वापरायचा म्हणून दादा स्वतःच चावी कमी करायचा. मी कॉलेजला गेले की कमी करायचा, मी आले की वाढवायचा. मायनं मला सांगितलं. मी दादाला विचारलं तर म्हणाला, "बसून तर ऱ्हायतो. बसल्या माणसाला कितीसं लागतंय?"

मग भाऊसाहेबानं केबिनमध्ये बोलावलं.

"ये, बस," म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बस म्हणाला. "तुझे वडील आपल्या मिलमधले ना? आपलाच माणूस. मला कुणी सांगितलंच नाही गं."

मी खुर्चीच्या कडेवर टेकले.

"तक्रारी कशाला करत बसलीस? विमा संस्थेचा, नाव संस्थेचं खराब होतं. त्या कंपनीतली माणसं आपल्या ओळखीची आहेत. मी नवी मशीन देतो, कोरी करकरीत. वाढदिवसाचा कार्यक्रम आहेच आपला. वडिलांना घेऊन ये स्टेजवर. तक्रार तेवढी मागं घे."

"मला नवी नको साहेब. आहे तीच विम्यातून दुरुस्त होऊन पाहिजे. हप्ता माझ्या पगारातून जातो."

तो हसला. मोकळा हसला. "अगं पण पगार कोण देतं?"

पगार शासन देतं. अनुदानित कॉलेज आहे. त्यालाही माहीत, मलाही माहीत. पण घरी दादा चावी कमी करून बसलेला होता. मी "घरी विचारते" म्हणून उठले.

विचारायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स. दोन बाजूंना सुतळीनं ताणून बांधलेला. एका बाजूला भाऊसाहेब, हात वर, दात दिसतायत. मोठ्या अक्षरांत, श्वासदाता. आणि दुसऱ्या बाजूला माझा बाप. दाराएवढा मोठा. नाकात नळी, मान थोडी तिरकी. त्या तपासणिसानं घरात काढलेला फोटो. विम्यासाठी म्हणून काढलेला. कंपनीकडून तो संस्थेकडं कसा आला, कोणी दिला, कोणाला विचारून दिला, मी आजही विचारते आहे. फाटकाखालून पोरं जात होती, वर बघत होती. एकानं विचारलं, "मॅडम, हे तुमचे वडील ना?"

मला वाटलं तिथंच फाडावा. फाडला नाही. घरी गेले.

माय म्हणाली, "फोटूनं काय हुतंय बाई? श्वास तर मिळंल."

दादा म्हणाला, "जाऊ. मालक हाय त्यो. देऊन ऱ्हायला तर घ्यावं."

मी दोघांकडं बघितलं. बाटल्याच्या काट्याकडं बघितलं. आणि ठीक आहे म्हणाले. बापाचा श्वास माझ्या ताठ मानेवर अडकवून ठेवायचा हक्क मला नव्हता. असं मला तेव्हा वाटलं.

कॉलेजच्या मैदानावर मंडप. स्टेजवर शिलाई मशिनी, चष्मे, तीनचाकी सायकली, सगळं वाटायला मांडलेलं, आणि मधोमध दादाची मशीन, लाल फित बांधलेली. जिच्यात माणसाचा जीव आहे तिला फित. प्राचार्य दादाच्या खुर्चीपाशी वाकले. "काका, माइक दिला की एवढंच म्हणायचं. भाऊसाहेबांनी मला श्वास दिला. म्हणून बघा."

"भाऊसायबानी… मला…"

"श्वास दिला."

"श्वास दिला."

"शाब्बास."

माझा बाप. मिलमधल्या माणसांना हात धरून सही शिकवणारा माझा बाप. त्याला बालवाडीतल्या पोरासारखं पाठ करायला लावलं, आणि मी बाजूला उभी राहून ऐकलं.

मग भाऊसाहेबाचं भाषण. आधी स्वतःबद्दल, मग स्वतःबद्दल, मग दादाकडं हात करून, "आता हे आमचे जुने कामगार. या लोकांचं कसं असतं, तुम्हाला माहीतच आहे. बिडी, काडी, तंबाखू. आपण सांगून दमतो. ऐकत नाहीत. फुप्फुसाची चाळण करून घेतात आणि मग येतात आपल्याच दारात. पण आपण माणुसकी सोडायची नसते."

लोक हसले. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत विमा कंपनीचा साहेब बसला होता, नांदेडचा, बडीशेपवाला. त्यानंही वाजवल्या.

माझ्या आज्यानं धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात बिडी नाही, दारू नाही. शिवाय मिलमध्ये बिडी पेटवायची सोयच नव्हती. हवेतली भुकटी पेट घेते म्हणून फाटकावर झडती व्हायची. भाऊसाहेबाचीच माणसं झडती घ्यायची. हे सगळं त्याला माहीत होतं. माहीत असून बोलला. कारण तसं बोललं की मिल सुटते. दादाच्या छातीतली धूळ दादाचीच होते.

माइक दादापुढं आला. दादानं प्राचार्यांकडं बघितलं. प्राचार्य लांबून ओठ हलवून शब्द सांगत होते. दादानं श्वास घेतला. मी त्याला इतका मोठा श्वास घेताना कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

"बिडी न्हाई, मालक."

पुन्हा श्वास. मंडपात कोणीतरी हसायला सुरुवात केली होती, ते मधेच थांबलं.

"धूळ. तुमच्या मिलची."

माइकवाल्यानं माइक ओढून घेतला. भाऊसाहेब हसत हसत म्हणाला, "वय झालंय, घोटाळा होतो." पण कानापर्यंत लाल झाला होता. मी स्टेजवर चढले. दादापाशी बसले आणि मोठ्यानं विचारलं, माइक नव्हता तरी मागपर्यंत ऐकू जाईल असं.

"दादा, ही मशीन घ्यायची?"

दादानं माझ्याकडं बघितलं. फितीकडं बघितलं.

"न्हाई घ्यायची. चल."

मी भाऊसाहेबाला म्हणाले, "तुमची मशीन तुमच्याकडंच ठेवा. आमचा विमा आहे. तक्रार मागं घेतलेली नाही, घेणार नाही."

"पस्तावशील," तो हळूच म्हणाला. फोटोसाठीचं हसू तसंच ठेवून.

खुर्ची उचलायला कोणी पुढं येईना. मी जीपवाल्याला हाक मारली, तो मागं उभा होता. दादाला जीपमध्ये बसवून मी परत फाटकाशी गेले आणि फ्लेक्सची सुतळी सोडली. एका बाजूची सुटली, दुसरी सुटेना, ती दातानं तोडली. माझ्या बापाचा चेहरा गुंडाळून काखेत घेतला. वॉचमन बघत होता.

जीपमध्ये दादा डोळे मिटून पडला होता. वाटलं झोपला. मग म्हणाला, "लई वर्सं ऱ्हाइलं हुतं ते बोलायचं."

पुढच्याच आठवड्यात बदलीचा आदेश. संस्थेचं ज्युनिअर कॉलेज, किल्लारीकडं. तिथं प्रयोगशाळा नाही. पाटी आहे, खोलीला कुलूप आहे, आत मोडके बाक आहेत. प्रयोगशाळा सहाय्यकाला प्रयोगशाळा नसलेल्या कॉलेजात पाठवायला किती डोकं लागत असेल. मी रोज पहाटे निघून बस, मग जीप, आणि कुलपासमोर खुर्ची टाकून बसते. हजेरी लावते. एक दिवस चुकवलेला नाही.

दादाला ॲडमिट करावं लागलं. बाटल्यांवर माणूस किती दिवस काढणार? आयसीयू. आणि काय सांगू, कंपनीनं तासाभरात मंजुरी दिली. हूं की चूं नाही. तपासणीस नाही, आकडा नाही, मेणबत्ती नाही. त्या खर्चात मशीनचे डबे कितीदा बदलून झाले असते. डॉक्टरनंच कपाळावर हात मारला. पण माणूस मरायला टेकला की तो पॉलिसीत बरोबर बसतो.

त्याच डॉक्टरनं माहिती भरताना विचारलं, "बिडी किती ओढायचे?" ओढायचे का, असं नाही. किती.

"ओढत नव्हते. लिहा, दाल मिलमधली धूळ."

त्यानं मान वर केली. किती वर्षं, कुठल्या खोलीत, तोंडाला काय बांधायचे, सगळं विचारलं आणि लिहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी जुने कागद काढून बघितले. पहिल्या दवाखान्यापासून प्रत्येक ठिकाणी, कोणीही न विचारता, धूम्रपान असं लिहिलेलं. आमच्या माणसाकडं बघून लिहून टाकलेलं. भाऊसाहेब स्टेजवर एकटा खोटं बोलला नव्हता. त्याच्या आधी सगळ्यांनी त्याच्यासाठी ते खोटं तयार करून ठेवलं होतं.

दादा वाचला. घरी आला.

माझी तक्रार पुढं विमा लोकपालाकडं गेली, तिथं सुनावणी झाली. नांदेडचा साहेब आला होता, फाइल घेऊन, टाय लावून. अस्वच्छता, धूळ, हाताळणी, सगळं वाचून दाखवलं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी एकच विचारलं.

"यांनी माझ्या बापाची नळी काढून बघितली. मशीन उघडून बघितली का?"

साहेब फाइल चाळायला लागला. मशीन कंपनीच्या कोणीच उघडली नव्हती. मशीनला कोणी हातही लावला नव्हता.

दुरुस्ती कंपनीनं करून द्यावी, असा निकाल झाला. मग कंपनीचं पत्र आलं, मानवतेच्या दृष्टिकोनातून आणि विशेष बाब म्हणून दुरुस्ती मंजूर. मी दुरुस्ती घेतली, पत्र परत केलं. विशेष बाब कसली? आज विशेष बाब म्हणून घेतली की उद्या शेजारच्याला नाही म्हणायला ते मोकळे. आणि मानवता यांच्या तोंडात शोभत नाही. निकालातले शब्द लिहून पाठवा, म्हटलं. लई दिवस लावले, पण पाठवले.

मशीन चालू आहे. दादा ओट्यावर बसतो. तो बरा होणार नाही, हे त्याला माहीत आहे, आम्हालाही. गेलेलं फुप्फुस कुठल्याच पॉलिसीतून परत येत नाही.

आमच्या वस्तीत त्या मिलमधली आणखी माणसं आहेत. सुभद्राकाकू डाळ चाळायला होती, ती आता दोन घरं चालली की भिंतीला धरून उभी राहते. तिच्याही कागदावर धूम्रपान लिहिलेलं आहे. सुभद्राकाकूच्या! मी शनिवारी कॉलेजहून लवकर आले की एकेकाला सरकारी दवाखान्यात घेऊन जाते आणि डॉक्टरपुढं बसून लिहून घेते, कुठली मिल, कुठली खोली. डॉक्टर वैतागतात. मी उठत नाही.

परवा प्राचार्यांचा फोन आला. भाऊसाहेब मोठ्या मनाचे आहेत म्हणाले. एक माफीपत्र द्या, लातूरला परत आणतो.

"माफी नाही," मी म्हणाले. "बदली राहू द्या. मिलविरुद्ध कामगार खात्यात तक्रार गेली आहे, तेवढं त्यांना सांगा. पहिलं नाव दादाचं आहे, दुसरं सुभद्राकाकूचं. पुढची नावं येत राहतील."

"बाई, हे तुम्हाला जड जाईल."

"जाऊ द्या. त्यांनाही जाईल."